विश्लेषण: ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या दुरुस्तीला दहा वर्षे का लागली?

ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन जानेवारी २००६ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीसाठी गेले आणि प्रवासी घेऊन पुन्हा मुख्य मार्गावर आले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. खर्च ४२ लाख पौंडांवर पोहोचला. हेच इंजिन रोजच्या सेवेत असताना त्याची मोठी दुरुस्ती काही आठवड्यांत उरकत असे. मग एका दशकाचा विलंब कशामुळे झाला? वाफेची इंजिने जपू पाहणाऱ्या भारतासह सर्वच देशांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इतके प्रसिद्ध का?

हे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये इंग्लंडमधील डॉनकास्टर येथील रेल्वे कारखान्यातून बाहेर पडले. त्याचा आराखडा नायजेल ग्रेझली यांचा. लंडन ते एडिंबरा धावणाऱ्या गाडीचे नाव या इंजिनाला देण्यात आले आणि १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात ते मांडले गेले. १ मे १९२८ रोजी या इंजिनाने लंडन ते एडिंबरा हे ३९२ मैलांचे अंतर कुठेही न थांबता कापले. त्यासाठी कोळसा आणि पाणी वाहून नेणाऱ्या टेंडरमधून एक अरुंद बोळ काढण्यात आला होता. त्या बोळातून डब्यातील दुसरा ड्रायव्हर आणि फायरमन चालत्या गाडीत इंजिनावर येत आणि आधीचे दोघे विश्रांतीला जात. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी याच इंजिनाने ताशी १०० मैलांचा, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरचा वेग गाठला. अधिकृत नोंद झालेला वाफेच्या इंजिनाचा हा पहिला १०० मैलांचा वेग. जानेवारी १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ते सेवेतून काढले. त्याच्या वर्गातील, म्हणजे ‘ए-३’ प्रकारची ७८ इंजिने होती. बाकी सगळी भंगारात गेली, हे एकच उरले.

ते संग्रहालयाकडे कसे आले?

भंगाराच्या वाटेवरून या इंजिनाला वाचवले ते अॅलन पेगलर या उद्योजकाने. त्याने १९६३ मध्ये ते ३,००० पौंडांना विकत घेतले. १९६९ मध्ये त्याने ते अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले. पण हा दौरा अंगाशी आला आणि १९७२ मध्ये पेगलर दिवाळखोर झाला. इंजिन परदेशातच अडकून पडले. १९७३ मध्ये विल्यम मॅकअल्पाइन यांनी ते सोडवून मायदेशी आणले. १९८८-८९ मध्ये ते ऑस्ट्रेलियात होते. तेथे त्याने ४२२ मैल न थांबता धावण्याचा विक्रम केला. १९९६ मध्ये टोनी मार्चिंग्टन यांनी ते घेतले, दुरुस्तीवर मोठा खर्च केला, पण इंजिनाभोवती उभी केलेली कंपनी कर्जात बुडाली. २००४ मध्ये ते विक्रीला निघाले तेव्हा ते देशाबाहेर जाईल अशी धास्ती निर्माण झाली. अखेर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने सुमारे २३ लाख पौंडांना ते घेतले. त्यातील १८ लाख पौंड राष्ट्रीय वारसा निधीतून आले. बाकीच्या रकमेत सामान्य लोकांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता, आणि त्या देणग्यांइतकीच म्हणजे ३ लाख ६५ हजार पौंडांची भर उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी घातली. थोडक्यात, २००४ नंतर या इंजिनावर झालेला खर्च हा लोकांच्या पैशाचा प्रश्न बनला.

‘ओव्हरहॉल’ म्हणजे नेमके काय?

नेहमीची देखभाल लोको शेडमध्ये होते. नळ्या साफ करणे, तेल-ग्रीस, ब्रेक तपासणे, झिजलेले ब्रेक-शू बदलणे ही ती कामे. ओव्हरहॉल ही त्यापुढची गोष्ट. त्यात इंजिन अक्षरशः सुटे सुटे केले जाते. आधी बॉयलर उचलून बाजूला ठेवला जातो. मग चाके, पिस्टन, चाकांना पिस्टनशी जोडणारे दांडे, स्प्रिंगा आणि बेअरिंग काढली जातात. शेवटी उरते ती दोन लांबलचक पोलादी पाट्यांची चौकट, म्हणजे फ्रेम. इमारतीला जसा पाया तशी इंजिनाला फ्रेम. प्रत्येक भाग धुऊन, मोजून, तडा आहे का ते तपासून तीन ढिगांत टाकला जातो: वापरण्याजोगा, दुरुस्त करण्याजोगा आणि नवाच करावा लागणारा. यातील तिसरा ढीग किती मोठा होणार, हे इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या वाड्याचे छप्पर उतरवल्यावरच किती वासे वाळवीने खाल्लेत ते कळते, तसेच हे.

दर दहा वर्षांनी हे करावेच का लागते?

याचे उत्तर बॉयलरमध्ये आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस इंचाला २२० पौंड इतका असतो. एवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही. ते सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापूनही पाणीच राहते. बॉयलरचे कवच फाटले तर हा दाब एका क्षणात जातो आणि त्या तापलेल्या पाण्यातील मोठ्या भागाची वाफ होते. साध्या वातावरणीय दाबाला पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. बॉयलरचा स्फोट इतका भयंकर का असतो, ते यावरून कळेल.

बॉयलरच्या मागच्या भागात फायरबॉक्स असतो. त्यात कोळसा जळतो आणि त्याच्या चहूबाजूंनी पाणी असते. आतील तांब्याची पेटी आणि बाहेरचे पोलादी कवच यांना हजारांहून अधिक छोटे दांडे, म्हणजे स्टे, एकमेकांशी बांधून ठेवतात. फायरबॉक्समधील तप्त वायू शंभराहून अधिक नळ्यांतून पुढे जाऊन धुराड्यातून बाहेर पडतात. प्रत्येक वेळी इंजिन तापते आणि निवते, तेव्हा हे सगळे धातू कमी-अधिक प्रसरण पावतात, आकसतात. पाण्यातील क्षार साचतात, गंज पातळ पत्रा खातो, स्टे तुटतात. फायरबॉक्सच्या छतावर शिसे भरलेल्या गुल्ल्या बसवलेल्या असतात. पाण्याची पातळी छताच्या खाली गेली तर शिसे वितळते आणि वाफेचा झोत आगीवर येऊन फायरमनला इशारा मिळतो. पण आतून पत्रा किती झिजला, हे सांगणारी अशी कोणतीही गुल्ली नाही. म्हणून ब्रिटनमध्ये जतन केलेल्या इंजिनाच्या बॉयलरला साधारण दहा वर्षांची मुदत दिली जाते. ती संपली की बॉयलर उतरवून, नळ्या काढून, आतून-बाहेरून तपासावा लागतो. मग त्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाबाने चाचणी होते, त्यानंतर प्रत्यक्ष वाफेवर चाचणी होते आणि तेव्हाच नवे प्रमाणपत्र मिळते.

मग या वेळी दहा वर्षे का लागली?

सुरुवातीचा अंदाज काही थोड्या वर्षांचा आणि प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी खर्चाचा होता. २००६ मध्ये इंजिन उघडले आणि एकामागून एक कामे वाढत गेली. इंजिनावर पूर्वी बसवलेला बॉयलर ‘ए-४’ या नंतरच्या प्रकारचा होता. तो काढून मूळच्या ‘ए-३’ प्रकारचा राखीव बॉयलर बसवायचे ठरले. या बॉयलरवरचे कामही अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. २०११ च्या मे महिन्यात काळ्या रंगातील जोडलेले इंजिन यॉर्कमध्ये लोकांसमोर आणले गेले आणि काम संपत आले असे वाटू लागले. पण त्याच वर्षी फ्रेमशी संबंधित भागांत तडे आढळले. फ्रेममध्ये चाकांचे अॅक्सलबॉक्स जिथे बसतात, त्या खाचा खालून बांधून ठेवणारे जोड तडकले होते. हे भाग चाकांच्या आड दडलेले असतात. तिथे पोहोचायचे तर चाके पुन्हा काढावी लागतात. म्हणजे घर रंगवून झाल्यावर पायाला भेग सापडावी, तशी गत झाली.

ही तपासणी पुढे नेल्यावर केवळ तड्यांचा नव्हे, तर फ्रेम आणि सिलिंडर यांच्या सरळ रेषेचाही प्रश्न पुढे आला. या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. दोन बाहेरच्या बाजूंना आणि एक मधोमध, दोन फ्रेमपाट्यांच्या आत. सिलिंडर, फ्रेम आणि चाकांचे अॅक्सल यांची मापे एकमेकांशी काटेकोर जुळावी लागतात. थोडा फरक राहिला तरी बेअरिंग तापतात आणि नवे तडे जातात. २०१३ मध्ये पुढील काम ग्रेटर मँचेस्टरमधील बरी येथील ‘रायली अँड सन’ या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्याकडे सोपवण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये बरी येथील ईस्ट लँकेशायर रेल्वेवर इंजिन पुन्हा स्वतःच्या वाफेवर हलले.

चौकशीतून काय निष्पन्न झाले?

काम लांबत चालल्याने संग्रहालयाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून अहवाल मागवला आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्धही केला. त्याचा सारांश असा की, विकत घेताना इंजिनाची खरी अवस्था पुरेशी ओळखली गेली नाही, दुरुस्तीचा आवाका कमी धरला गेला आणि एवढ्या गुंतागुंतीच्या कामावर लागते तशी व्यवस्थापनाची पकड राहिली नाही. विक्रीची मुदत जवळ होती, इंजिन परदेशी जाण्याची भीती होती, लोकांनी देणग्या दिल्या होत्या. अशा घाईत इंजिन सुटे करून पाहण्याची सवड कोणाला मिळणार? त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांत त्याने तीन खंड पाहिले होते आणि चार मालक केले होते. प्रत्येकाने आपल्या पैशाच्या बेताने दुरुस्ती केली होती. जे काम दर खेपेला पुढच्यावर ढकलले गेले, त्या सगळ्याची थकबाकी संग्रहालयाच्या काळात एकदम वसूल झाली.

पूर्वी हेच काम काही आठवड्यांत कसे होई?

विलंबाचे हेच मूळ कारण आहे. १९३० च्या दशकात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ डॉनकास्टरच्या कारखान्यात आले, की त्याचा स्वतःचा बॉयलर दुरुस्त होण्याची वाट पाहिली जात नसे. बॉयलर काढून दुरुस्तीच्या रांगेत लावला जाई आणि दुसऱ्या इंजिनाचा आधीच तयार असलेला बॉयलर त्यावर चढवला जाई. चाके, स्प्रिंगा, पंप यांचेही तसेच. एकाच वर्गातील डझनावारी इंजिने असल्याने सुट्या भागांचा साठा कायम फिरता असे. कारखान्याची स्वतःची ओतशाळा होती, लोहारकाम होते, मोठे लेथ होते, मूळ आराखडे होते. तडा कुठे जातो हे कागद न पाहता सांगणारे कारागीर होते आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरे होती.

१९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची सेवा बंद केली आणि ही सगळी साखळी तुटली. इंजिन जपले गेले, पण ज्याच्या जिवावर ते चालत होते तो कारखाना जपला गेला नाही. त्यामुळे पूर्वी गोदामातून पाच मिनिटांत येणारा भाग आता आराखडा शोधणे, साचा बनवणे, ओतणे, घासणे, तपासणे या पायऱ्यांतून जातो. एका भागाला महिने लागतात आणि तो आल्याशिवाय पुढचा भाग बसत नाही.

या तर्काला दुसऱ्या बाजूनेही दुजोरा मिळतो. २०२२ मध्ये बॉयलरच्या मुदतीनुसार इंजिनाचा पुढचा ओव्हरहॉल आला. तो शताब्दी वर्षाआधी आटोपला आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी इंजिन एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकात शताब्दी समारंभाला हजर होते. या वेळी फ्रेमची मोठी कामे आधीच झालेली होती आणि इंजिनाची नस न नस ठाऊक असलेले हात कामाला होते. जिथे आधी दहा वर्षे लागली, तिथे साधारण एक वर्ष पुरले.

त्यापेक्षा नवे इंजिन बांधणे स्वस्त नाही का?

ब्रिटनमध्ये हा प्रयोगही झाला आहे. ‘टॉर्नेडो’ हे वाफेचे इंजिन २००८ मध्ये पूर्ण झाले. जुन्या आराखड्यावरून ते कोऱ्या पोलादापासून बांधले गेले. त्याचा खर्च सुमारे ३० लाख पौंड. म्हणजे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या दुरुस्तीपेक्षा कमी. पण पैसे गोळा करणे आणि बांधणे मिळून त्यालाही दीड दशकाहून अधिक काळ लागला. इतका मोठा बॉयलर बनवणारा कारखाना ब्रिटनमध्ये न उरल्याने तो जर्मनीतील मायनिंगेन येथून करून आणावा लागला. म्हणजे वेळेची अडचण जुन्या-नव्याची नाही, कारखान्याची आहे. शिवाय नव्या कामात एक सोय असते. काय करायचे ते पहिल्या दिवसापासून कागदावर असते. जुन्या इंजिनात मात्र प्रत्येक पाटी उघडताना नवा खर्च समोर येऊ शकतो.

इतके भाग बदलल्यावर इंजिन ‘मूळ’ उरते का?

हा वाद प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर होतो. वर सांगितल्याप्रमाणे या इंजिनाचे बॉयलर सेवेत असतानाच अनेकदा बदलले होते. १९४७ मध्ये त्याचे ‘ए-१’ प्रकारातून ‘ए-३’ मध्ये रूपांतर झाले. १९५९ मध्ये दुहेरी धुराडे बसवले गेले. त्यामुळे धूर मंद सुटू लागला आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर रेंगाळू लागला. म्हणून १९६१ मध्ये धूर वर ढकलणाऱ्या पाट्या लावण्यात आल्या. मग ‘मूळ’ कोणत्या वर्षाचे मानायचे? २०१६ मध्ये संग्रहालयाने दुहेरी धुराडे आणि पाट्या कायम ठेवल्या आणि त्या काळाला साजेसा ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग व ६०१०३ हा क्रमांक दिला. पूर्वीचा उजळ हिरवा रंग आणि ४४७२ हा क्रमांक लोकांच्या मनात बसलेला असल्याने अनेक चाहते नाराज झाले.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा खांब बदलतो, शिखर नवे होते, तरी देऊळ तेच मानले जाते. मात्र कोणता दगड कधी बसवला याची नोंद असेल तरच इतिहास शाबूत राहतो. इंजिनांच्या बाबतीतही जाणकार हाच आग्रह धरतात. भाग बदला, पण बदललेल्या भागाची नोंद ठेवा आणि शक्य असेल तर काढलेला भाग जपून ठेवा.

संग्रहालयात उभे का ठेवू नये?

उभ्या इंजिनाला बॉयलरची मुदत नसते, खर्च नसतो आणि एकही मूळ भाग झिजत नाही. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. जगातील बरीच ऐतिहासिक इंजिने अशीच छताखाली उभी आहेत आणि काहींसाठी तेच योग्य आहे. पण चालणाऱ्या इंजिनाची बाजूही तितकीच भक्कम आहे. बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतणे, तांब्याच्या पत्र्याला आकार देणे, स्टे बसवणे, कोळशाचा पातळ आणि सारखा थर पसरून वाफ टिकवणे ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. इंजिन चालते म्हणून ते दुरुस्त करावे लागते आणि दुरुस्त करावे लागते म्हणून कोणीतरी ते शिकतो. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्ककडे निघालेल्या पहिल्या गाडीला पाहायला इतकी गर्दी लोटली, की लोक रुळांवर आल्याने गाडी वाटेत थांबवावी लागली. उभ्या इंजिनासाठी हे घडत नाही. त्यातला धोका मात्र खरा होता आणि रेल्वे प्रशासनाला लोकांना दूर राहण्याचे आवाहन करावे लागले.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात चित्तरंजन कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ मध्ये बाहेर पडले. ब्रॉड गेजवरची नियमित वाफेची सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली. म्हणजे ब्रिटनपेक्षा सत्तावीस वर्षे उशिरा. या उशिराचा एक फायदा झाला. वाफेवर काम केलेले फिटर, बॉयलरमेकर आणि ड्रायव्हर जतनाची चळवळ सुरू झाली तेव्हा सेवेत होते. १८५५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावू लागले आणि दिल्ली-अलवर पर्यटक गाडीला लागले. १९९८ मध्ये नियमित सेवेतील जगातील सर्वात जुने इंजिन म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढे त्याचे महत्त्वाचे भाग चोरीला गेले. तेव्हा चेन्नईच्या पेरंबूर येथील लोको वर्कशॉपमध्ये ते भाग नव्याने घडवून इंजिन उभे करण्यात आले. हरियाणातील रेवाडी येथे वाफेच्या इंजिनांचे जुने शेड जपले आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत बांधलेले डब्ल्यूपी वर्गाचे ‘आझाद’ हे इंजिन तिथलेच. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारखीच त्याचीही चाकांची रचना ‘पॅसिफिक’ प्रकारची आहे.

सर्वात बोलके उदाहरण डोंगरी रेल्वेचे. दार्जिलिंग रेल्वेला १९९९ मध्ये आणि निलगिरी रेल्वेला २००५ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. दार्जिलिंगची शतकभर जुनी इंजिने आजही चालतात, कारण तिंधारिया येथे त्यांचे वर्कशॉप आहे. निलगिरीसाठी तर तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने गेल्या दीड दशकात वाफेची नवी इंजिने बांधली. कारखाना आणि हात टिकले, की इंजिन टिकते, हे भारताने कमी गाजावाजा करून दाखवले आहे.

महाराष्ट्रात या वारशाचे काय?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडलेली होती. त्यातील एकही आज पाहायला मिळत नाही. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गासाठी जर्मनीच्या ‘ओरेनस्टाइन अँड कोपेल’ कंपनीची खास वळणदार मार्गाला चालतील अशी इंजिने आणली गेली. त्यांच्यापैकी एक नेरळ स्थानकात प्रदर्शनासाठी उभे आहे. या इंजिनांच्या आराखड्याशी जोडलेले एव्हरार्ड काल्थ्रॉप हेच बार्शी लाइट रेल्वेचेही जनक. त्या रेल्वेच्या काळात कुर्डुवाडीत उभा राहिलेला कारखाना आणि मुंबईतील परळचे वर्कशॉप या दोन्ही ठिकाणी रेल्वेदुरुस्तीची जुनी परंपरा आहे. म्हणजे राज्यात जपण्यासारखी इंजिने थोडी असली, तरी जपण्यासारखे कारखाने आहेत. फलाटाबाहेर रंग देऊन, कठडा घालून उभे केलेले इंजिन पावसात आतून गंजत जाते. ते पुन्हा चालवायचे ठरले तर किती खर्च येईल, याचा अंदाज बाहेरच्या रंगावरून बांधता येत नाही. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या अनुभवातून घेण्यासारखा पहिला व्यवहारी धडा हाच. आधी पूर्ण तपासणीसाठी पैसे आणि वेळ द्यावा, दुरुस्तीचा आकडा आणि तारीख त्यानंतरच जाहीर करावी.

पुढच्या अडचणी कोणत्या?

पहिली अडचण कोळशाची. वेल्समधील फॉस-इ-फ्रान ही मोठी खुली खाण २०२३ मध्ये बंद झाली आणि ब्रिटनमधील वारसा रेल्वेंना वाफेच्या इंजिनांना चालणारा कोळसा बाहेरून आणावा लागतो. दुसरी अडचण सिग्नलची. ब्रिटनच्या ज्या ईस्ट कोस्ट मार्गावर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने नाव कमावले, तिथे रुळांशेजारचे दिवे जाऊन ड्रायव्हरच्या केबिनमधील पडद्यावर सिग्नल दिसणारी डिजिटल प्रणाली येत आहे. कोळशाची धूळ, उष्णता आणि हादरे सहन करणारी ही यंत्रणा वाफेच्या इंजिनात बसवणे सोपे नाही. ‘टॉर्नेडो’वर त्याचे काम हाती घेण्यात आले आहे. तिसरी अडचण माणसांची. डॉनकास्टरच्या काळात प्रत्यक्ष काम केलेली पिढी आता जवळपास संपली आहे. दहा वर्षांचा हिशेब धरला, तर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा पुढचा मोठा ओव्हरहॉल २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला येईल. त्याला एक वर्ष लागेल की पुन्हा दहा, हे आज किती तरुण बॉयलरचे काम शिकत आहेत यावर अवलंबून आहे.